पाहतांक्षणीं वाजविण्याची विद्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें संगीताविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हां आपल्या गायकमंडळाच्या पन्नास वर्षांच्या सेवेचें वर्णन आमच्या तोंडून ऐकावयास मिळेल, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तें काम आमच्याहून अधिकारी मंडळी करीतच आहेत. आम्ही एका लहानशा अभ्यासाविषयीं बोलणार आहों. इंग्रजींत त्यास साइट-रीडिंग म्हणतात. आपण त्यास पाहतांक्षणीं वाजविणें म्हणूं. पूर्वी न पाहिलेला संगीताचा कागद समोर ठेवला असतां, तो पियानोवर तालांत, न थांबतां, ऐकणाराला अर्थ कळेल अशा रीतीनें वाजविणें, एवढाच त्याचा आशय. विषय लहान दिसतो खरा. परंतु पुढील पन्नास वर्षें आपल्या देवळांतील वाद्यापुढच्या बाकावर कोणी बसलेलें असेल कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं ह्याच लहान विषयावर अवलंबून आहे, असें आमचें मत आहे.

आज आपल्या धर्मग्रामांत पियानो किंवा की-बोर्ड शिकणारीं मुलें थोडींथोडकीं नाहींत. संध्याकाळीं कोणत्याही आळींतून जावें, एखाद्या खिडकींतून स्वर ऐकूं येतातच. घरोघरीं भिंतीवर परीक्षांचीं प्रमाणपत्रें चौकटींत बसवून टांगलेलीं असतात. परंतु ज्या मुलानें पांचव्या श्रेणीची परीक्षा उत्तम गुणांनीं दिली, त्याच्यापुढें सोळा बारांचें एखादें साधें स्तोत्र ठेवावें, तर तें गोंधळून म्हणतें, "टीचर, हें आम्हांला शिकवलेलें नाहीं." मूल खोटें बोलत नाहीं. त्याला तीन तुकडे शिकविले होते. चौथा शिकविला नव्हता. वर्षभर तेच तीन तुकडे बोटांत बसेपर्यंत घोटावे, परीक्षकापुढें वाजवावे, आणि पुढील वर्षीं नवे तीन घ्यावे, कीं जुने विसरलेच. अशा रीतीनें आठ वर्षें शिकलेल्या मुलाजवळ चोवीस तुकड्यांची पुसट आठवण असते. वाचण्याची विद्या नसते.

दोष मुलांचा नव्हे, आणि सर्वस्वीं शिक्षकांचाही नव्हे. इंग्लंडांतील असोसिएटेड बोर्ड ह्या १८८९ सालीं स्थापन झालेल्या मंडळाच्या नेहमींच्या वादन-परीक्षेंत एकंदर १५० गुण असतात. त्यांपैकीं तीन तुकड्यांस ९०, आणि पाहतांक्षणीं वाजविण्यास २१. १०० गुणांवर विद्यार्थी उत्तीर्ण होतो. मग हिशेबी पालक विचारतात, एकवीस गुणांसाठीं रोजचीं दहा मिनिटें कां खर्चावीं? त्याच मंडळानें २०२० पासून दुसऱ्या प्रकारच्या श्रेणी-परीक्षा सुरू केल्या आहेत. त्यांत तर हा भाग मुळींच नाहीं. परीक्षा आपल्या जागीं योग्य आहे, तिची निंदा करावयाची नाहीं. परंतु गुणपत्रिकेवरून विद्येची किंमत ठरवूं नये. हे एकवीस गुण म्हणजे परीक्षा संपल्यावरही आपल्याजवळ उरणारे गुण होत.

पहिलींतील मूल "क, म, ळ" असें एकेक अक्षर जोडून "कमळ" म्हणतें. चौथींतील मूल तोच शब्द एका दृष्टींत वाचतें. आणि जाणता वाचक तर डोळ्यांनीं ओळीचा शेवट गांठून तोंडानें मधला शब्द उच्चारीत असतो. जो मनुष्य सर्व प्रार्थना तोंडपाठ म्हणतो, पण पुस्तकाचें नवें पान वाचूं शकत नाहीं, त्यास आपण भाविक म्हणूं, साक्षर म्हणणार नाहीं. संगीतांतही तोंडपाठ आणि साक्षरता ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरी समजण्याची चूक फार सुलभ आहे, कारण दूर उभ्या असलेल्या माणसास दोन्ही सारख्याच ऐकूं येतात.

ही संगीतांतील साक्षरता ज्या रूपांत आपल्यापर्यंत आली, तें रूप देण्याचें श्रेय मुख्यतः एका मठवासी शिक्षकास जातें. अकराव्या शतकाच्या प्रारंभीं इटलींत अरेत्सो येथें ग्वीदो नांवाचा बेनेडिक्टाइन संन्यासी मुलांस गाणें शिकवीत असे. त्या काळीं गायक सर्व गीतें गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करीत. दहा-दहा वर्षें घोकूनही गायक पुरा तयार होत नाहीं, अशी त्याची तक्रार होती. त्यानें सुरांच्या खुणा रेषांवर व रेषांमधील जागांत अशा बसविल्या, कीं खूण पाहतांच सूर किती वर वा किती खालीं हें कळावें. सुरांस नांवें पाहिजेत, म्हणून संत योहान बाप्तिस्त्याच्या एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांच्या आद्याक्षरांवरून त्यानें ऊत, रे, मी, फा, सोल, ला हीं सहा नांवें घेतलीं. ह्या रीतीनें एका, फार तर दोन वर्षांत गायक तयार होतो, असें त्यानें आपल्या मिकाएल नांवाच्या मठबंधूस पत्रानें कळविलें. त्याची कीर्ति ऐकून पोप १९ वे योहान (कारकीर्द १०२४ ते १०३२) यांनीं त्यास रोमला बोलावून घेतलें, त्याचें पुस्तक स्वतः चाळलें, आणि पूर्वी कधीं न ऐकलेला एक चरण केवळ खुणा पाहून गाऊन दाखविल्यावरच ते आसनावरून उठले. पाहतांक्षणीं गाण्याची परीक्षा खुद्द पोपमहाशयांनीं दिली आणि ते उत्तीर्ण झाले, हें आपल्या मुलांस अवश्य सांगावें.

हीच विद्या पोर्तुगीजांच्या काळीं गोव्यास आली. तेथील देवळांस जोडून पाठशाळा असत, आणि त्यांत अक्षरओळखीबरोबर सोल्फेजची, म्हणजे स्वर पाहून त्यांचीं नांवें घेत गाण्याची, तालीम मिळे. पुढें पोटापाण्यासाठीं गोंयकार मुंबईस आले, तेव्हां व्हायोलिनच्या पेटीबरोबर हें वाचनही त्यांनीं आणलें. मुंबईच्या चित्रपटांस त्याचा केवढा उपयोग झाला, हें आतां सर्वश्रुत आहे. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवीत. सेबास्तियन डिसोझा यांसारखे जाणकार ती पंचरेषांवर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देत. आणि ज्यांनीं तें गीत पूर्वी कधीं ऐकलें नाहीं, असे वादक तो कागद पाहून वाजवीत. ध्वनिमुद्रण एका दमांत होई. एकजण चुकला कीं सर्वांस पुन्हां आरंभ. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे ह्याच परंपरेंतले. सुप्रसिद्ध प्यारेलाल हे व्हायोलिनमध्यें त्यांचे शिष्य. त्या लोकांस कोणीं तीन तुकडे शिकविले नव्हते. वाचावयास शिकविलें होतें, आणि त्यावर त्यांचीं कुटुंबें जगलीं.

येथें कोणी विचारील, कीं देवळाचें वाद्य ऑर्गन किंवा पेटी. मग पियानोचें एवढें महत्त्व कां? शंका रास्त आहे. १९०३ सालीं पोप १० वे पिउस यांनीं आपल्या संगीतविषयक आज्ञापत्रांत देवळांत पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई केली होती; आणि १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर योग्य वाद्यांस वाट मोकळी करून देतांनाही पाइप-ऑर्गनचा मान कायम ठेवला. परंतु वाचनाची तालीम घरीं व्हावयाची, आणि घरीं पियानो वा की-बोर्डच असतो. दोन हात, दोन पंचरेषा, आणि दोन्हींवर एकाच वेळीं फिरणारी एक दृष्टि, ही कला ज्यास पियानोवर साधली, त्यास ऑर्गनचे हातानें वाजवावयाचे भाग वाचावयास वेगळें शिकावें लागत नाहीं.

आतां ह्या विद्येचें अंतरंग पाहूं. पुष्कळांची समजूत अशी, कीं पाहतांक्षणीं वाजविणारा मनुष्य फार चपळ असतो. सूर दिसला कीं विजेसारखें त्याचें बोट पडतें. खरी गोष्ट वेगळी आहे. तो चपळ असण्यापेक्षां पुढें असतो. १९७४ सालीं जॉन स्लोबोदा ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. वादक वाजवीत असतांना त्याच्यासमोरील संगीत एकाएकीं नाहींसें करावयाचें, आणि त्यानंतर तो किती सूर बरोबर वाजवितो तें मोजावयाचें. कच्चे वाचक तीन-चार सुरांवर अडत. निष्णात वाचक सातांपर्यंत जात. म्हणजे निष्णाताचा हात एके ठिकाणीं असतो आणि डोळा सहा-सात सूर पुढें गेलेला असतो. शिवाय तो डोळा वाटेल तेथें टेकत नाहीं. चांगला वाचक जसा स्वल्पविरामापर्यंत दृष्टि टाकतो, तसा हाही स्वरवाक्याच्या शेवटाचा ठाव घेतो. आपला गाडीवान बैलांच्या खुरांकडे पाहत नाहीं, वाटेकडे पाहतो. तसेंच हें आहे.

निष्णात मनुष्य सुटे सूर वाचीत नाहीं, अर्थ वाचतो, ह्याची एक गंमतीची साक्ष बोरिस गोल्डोव्हस्की ह्या पियानोशिक्षकानें दिली आहे. त्याची एक विद्यार्थिनी ब्राम्सच्या ७६ व्या ओपसमधील दुसरा तुकडा वाजवीत असतां एका ठिकाणीं विसंगत सूर वाजवूं लागली. तिची वाचनाची तयारी बेताचीच होती. शिक्षकानें दुरुस्त करावयास सांगितलें, तर ती म्हणाली, कीं छापलें आहे तेंच आपण वाजवितों. पाहतात तों खरोखरच छापील प्रतींत चूक! तीच प्रत आजवर कितीक निष्णातांनीं वाजविली होती, आणि प्रत्येकानें न कळत योग्य सूर वाजविला होता. पुढें त्यानें मुद्दाम चांगल्या वाचकांस ही चूक शोधावयास लाविलें, तरी ती त्यांना सहजासहजीं सांपडेना. स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, ओळखीचा असल्यामुळें तेथें कोणता सूर असावा हें त्यांचें मन आधींच सांगत असे. ह्यावरून विद्यार्थ्यांनीं एवढाच बोध घ्यावा, कीं सरगमा आणि कॉर्ड यांचा रोजचा कंटाळवाणा सराव व्यर्थ जात नाहीं. ज्यास शब्द ठाऊक आहेत, तोच वाक्य झरझर वाचतो.

अभ्यास कसा करावा, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, सोपें निवडावें. जो मुलगा पांचव्या श्रेणीचे तुकडे वाजवितो, त्यानें वाचनासाठीं दुसऱ्या श्रेणीचें पुस्तक घ्यावें, आणि त्यांत लाज मानूं नये. अवघड पानावर अडखळत जाणें म्हणजे वाचन नव्हे, तें खोदकाम होय. खोदकामाचीही वेळ असते, पण ती वेगळी.

दुसरी गोष्ट, हात ठेवण्यापूर्वीं पाहावें. परीक्षेंत ह्यासाठीं अर्धा मिनिट देतात, आणि बहुतेक मुलें तो अर्धा मिनिट पहिला बार वाजवून पाहण्यांत घालवितात. त्याऐवजीं प्रथम किती शार्प वा किती फ्लॅट आहेत तें पाहावें; मग मात्रा तीन कीं चार; मग संपूर्ण पानांत सर्वांत दाट बार कोणता तो हुडकावा; आणि शेवटचा मुक्काम कोणत्या कॉर्डवर आहे तें पाहून घ्यावें. गति पहिल्या बारावरून ठरवूं नये, सर्वांत दाट बारावरून ठरवावी. आरंभ घोड्यावर आणि मध्य चिखलांत, अशी पुष्कळांची गत ह्या एका गोष्टीमुळें होते.

तिसरी गोष्ट, डोळे कागदावर ठेवावे. पियानोवर ८८ पट्ट्या असतात. ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. काळ्या पट्ट्या दोन-दोन व तीन-तीन अशा गटांनीं बसविलेल्या आहेत, आणि त्या गटांवरून बोटांस न पाहतां जागा कळते. स्वयंपाकघरांत मिठाचा डबा कोठें आहे, हें गृहिणी पाहत नाहीं. हात आपोआप जातो. मुलाच्या हातांवर एखादा रुमाल किंवा वहीचा पुठ्ठा आडवा धरून चार ओळी वाजवावयास लावाव्या. प्रथम तें हंसेल, मग रडकुंडीस येईल, आणि आठवड्यानें रुमालाची गरज उरणार नाहीं.

चौथी गोष्ट, सुरांचीं नांवें मोजीत बसूं नये. तीन खुणा मात्र पक्क्या असाव्या: दोन पंचरेषांमधील लहानशा रेघेवरचा मधला सी, वरच्या पंचरेषेंत ट्रेबल क्लेफ जिच्याभोंवतीं वळसा घेतो, त्या खालून दुसऱ्या रेषेवरचा जी, आणि खालच्या पंचरेषेंत बेस क्लेफचे दोन ठिपके जिच्या दोहों बाजूंस असतात, त्या चौथ्या रेषेवरचा एफ. ह्या तीन मैलाच्या दगडांपासून पुढें आकार पाहून चालावें. रेषेवरून लगतच्या जागेंत गेलों, तर शेजारची पट्टी. रेषेवरून लगतच्या रेषेवर गेलों, तर मधली एक पट्टी सोडून पुढची. एकावर एक तीन रेषांवर तीन ठिपके दिसले, कीं एकेकाचें नांव न घेतां हातानें कॉर्डचा आकार धरावा.

पांचवी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची. एकदां आरंभ केला, कीं थांबूं नये. सूर चुकला, तर चुकला. मागें वळून तो दुरुस्त करूं नये. तुकडा तयार करीत असतांना चूक सुधारणें हा धर्म आहे; पाहतांक्षणीं वाजवितांना तीच गोष्ट दोष ठरते. कारण चुकलेला सूर क्षणभर ऐकूं येतो आणि विरून जातो. थांबलेला ताल मात्र गाणाऱ्या दोनशें माणसांस एकदम थांबवितो. सर्व कांहीं झेपत नसेल, तर काय सोडावें हें शिकावें. चार आवाजांच्या स्तोत्रांत मधले दोन आवाज सोडावे, वरची चाल आणि खालचा बेस धरावा. तेंही न झेपेल, तर एकटा बेस आणि ताल. भिंती राहिल्या, तर छप्पर मागाहून घालतां येतें.

सहावी गोष्ट, तेंच पान पुन:पुन्हां घेऊं नये. दुसऱ्या खेपेस तें अर्धें पाठ झालेलें असतें, आणि तिसऱ्या खेपेस आपण वाचीत नसतों, आठवीत असतों. रोज नवें पान पाहिजे. कोणी म्हणेल, इतकें नवें संगीत आणावें कोठून? चार आवाजांचीं जुनीं स्तोत्रें ह्या कामास उत्तम. एकेक स्तोत्र बहुधा एका पानांत संपतें. बेला बार्तोक ह्या हंगेरियन संगीतकारानें १९२६ ते १९३९ ह्या काळांत "मिक्रोकॉसमॉस" नांवाचे १५३ तुकडे सहा भागांत लिहिले. त्यांचा आरंभ अगदीं नवशिक्यापासून आहे. आणि २००६ पासून इंटरनेटवर आय-एम-एस-एल-पी हें ग्रंथालय चालू आहे; त्यांत स्वामित्वहक्क संपलेलें असंख्य संगीत विनामूल्य मिळतें. पूर्वी शिक्षक हातानें नकला करीत बसत. आज कागदाचा खर्च तेवढा उरला आहे.

दिवसाला एक स्तोत्र, दहा मिनिटें. वर्षाचे तीनशें दिवस धरले, तरी तीनशें स्तोत्रें झालीं. एका बाजूस वर्षाला तीन तुकडे, आणि दुसऱ्या बाजूस तीनशें नवीं पानें. ह्या हिशेबास गणित फारसें लागत नाहीं.

थोरांच्या दोन गोष्टी सांगतों. मोझार्टनें जानेवारी १७७८ मध्यें मानहाइमहून आपल्या वडिलांस एक पत्र लिहिलें. फोग्लर नांवाच्या प्रसिद्ध वादकानें त्याची एक रचना पाहतांक्षणीं वाजविली होती, आणि ती इतक्या धांवपळीनें, कीं मोझार्ट वैतागला. त्याचें म्हणणें असें, कीं सावकाश वाजविण्यापेक्षां जलद वाजविणें सोपें. घाईंत कांहीं सूर गळाले तरी कोणास कळत नाहीं. खरें वाचन म्हणजे योग्य गतीनें, सर्व सूर भावासह असे वाजविणें, कीं ऐकणाऱ्यास वाटावें, हें ह्यानेंच रचलें आहे. हे फोग्लर महाशय धर्मगुरु होते. परंतु येथें उपस्थित असलेल्या फादरांनीं रागावूं नये, कारण त्यांच्यापैकीं कोणी घाईनें वाजवीत असल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

दुसरी गोष्ट बाखची. त्याचा चरित्रकार फोर्केल यानें ती १८०२ सालीं छापली. वाइमार येथें असतांना बाख एका स्नेह्याजवळ म्हणाला, कीं कोणतेंही संगीत आपण न अडतां वाजवूं शकतों. स्नेह्यानें आठवड्याच्या आंत त्यास न्याहारीस बोलाविलें, आणि दिसावयास अगदीं साधा असा एक तुकडा वाद्यावर इतर कागदांत ठेवून दिला. बाख संवयीप्रमाणें वाद्यापाशीं जाऊन एकेक कागद वाजवूं लागला. तो त्या तुकड्यांत अडला. पुन्हां आरंभ केला, पुन्हां त्याच जागीं अडला. शेजारच्या खोलींत स्नेही हंसत होता. तेव्हां बाख उठला आणि त्यानें मोकळ्या मनानें कबूल केलें, कीं सर्वच कांहीं पाहतांक्षणीं वाजवितां येत नाहीं. जेथें बाख अडला, तेथें आपल्या दहा वर्षांच्या मुलीस रागें भरण्याचा अधिकार कोणास आहे?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच देशांतून येतो. आपलें संगीत गुरुमुखानें चालत आलें. कान हाच त्याचा ग्रंथ. मग कागदाचें हें स्तोम कशाला? कानाची थोरवी आम्हांस मान्य आहे. ज्यास कागदावांचून एक चालही वाजवितां येत नाहीं, तो अर्धाच वादक. परंतु पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं घराण्यांतल्या चिजा गोळा करून मराठी ग्रंथांत स्वरलिपीसह छापल्या, त्या कानाचा अपमान करावा म्हणून नव्हे. गाणारा गेला, कीं चीजही जाते, हें त्यांनीं पाहिलें होतें. कान आपल्या गुरूपर्यंत नेतो. कागद ज्यास आपण कधीं भेटलों नाहीं, त्याच्यापर्यंत नेतो. मुलास दोन्हीं वाटा माहीत असाव्या.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. हें वाचन एकट्यानें पुरतें साधत नाहीं. तें दुसऱ्याच्या सोबतीनें पिकतें. लेमन आणि एरिक्सन ह्या संशोधकांनीं १९९० नंतरच्या दशकांत पियानोवादकांची तपासणी केली, तेव्हां असें दिसलें, कीं एकट्यानें मैफल गाजविणाऱ्यांपेक्षां दुसऱ्यांस साथ करणारे वादक पाहतांक्षणीं अधिक चांगलें वाजवितात. आणि त्याचें कारण जन्मजात देणगींत शोधण्यापेक्षां त्यांनीं हाताळलेल्या संगीताच्या सांठ्यांत शोधावें. साथ करणाऱ्यास थांबतां येत नाहीं, कारण गाणारा थांबत नाहीं. म्हणून घरांत दोन भावंडें असतील, तर त्यांनीं एकाच पियानोवर शेजारीं बसून चार हातांचे सोपे तुकडे वाचावे. आई गात असेल, तर मुलानें तिला साथ द्यावी. आई चुकत नाहीं असें नाहीं. पण ती थांबत नाहीं, आणि हाच मोठा धडा आहे.

देवळांतील वादकाचें काम हें असेंच साथीचें काम आहे. सणाच्या मिस्सेची तयारी महिनाभर करतां येते. परंतु सकाळीं सहा वाजतां घंटा वाजते, गांवांतला कोणी वृद्ध गेल्याची वार्ता येते, आणि दुपारीं चार वाजतां अंत्यविधि ठरतो. घरचीं माणसें येऊन सांगतात, कीं बाबांस अमुक एक गीत फार आवडत असे, तेवढें व्हावें. त्यांच्या हातांत घडी पडलेला एक कागद असतो. त्या वेळीं तालमीस वेळ नसतो, आणि "हें आम्हांला शिकवलेलें नाहीं" असें म्हणण्याची सोय नसते. वाद्यापाशीं बसलेल्या माणसानें तो कागद उलगडावा, अर्धा मिनिट पाहावा, आणि हळूं, न थांबतां, त्या घरच्या माणसांस गातां येईल असें वाजवावें. मधले दोन आवाज सुटले, तर कोणी विचारणार नाहीं. गीत झालें नाहीं, तर मात्र तें त्या घरांत वर्षानुवर्षें आठवलें जाईल. पाहतांक्षणीं वाजविण्याची विद्या कशासाठीं, असें कोणी विचारलें, तर आमचें उत्तर हें आहे.

आज आपल्या धर्मग्रामांत असा कागद ज्यांच्या हातीं निर्धास्तपणें द्यावा, अशीं माणसें एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे केंस पांढरे झाले आहेत. त्यांनीं आजवर जें केलें, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहों. परंतु त्यांस केवळ शाल आणि श्रीफळ देऊन हें ऋण फिटणार नाहीं. त्यांच्या जागीं बसणारीं मुलें तयार केलीं, तरच फिटेल.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आमच्या तीन विनंत्या आहेत. पालकांस विनंती, कीं मुलानें नवें पान अडखळत वाजविलें, तर "हें काय वाजवितोस, परीक्षेचें वाजव" असें म्हणूं नये. दहा मिनिटें तें अडखळणें घरांत चालूं द्यावें. शिक्षकांस विनंती, कीं प्रत्येक शिकवणीचीं पहिलीं पांच मिनिटें नव्या पानास द्यावीं. शेवटचीं पांच देऊं नयेत, कारण शेवटचीं पांच मिनिटें नेहमीं बुडतात. आणि समितीस विनंती, कीं वरच्या गॅलरींतील कपाटांत जीं जुनीं संगीताचीं पुस्तकें कुलुपांत आहेत, तीं वाळवीच्या हवालीं होण्यापूर्वीं बाहेर काढावीं, आणि रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एक तास सभागृहांतील पियानो मुलांस उघडा ठेवावा. ज्यास यावयाचें त्यानें यावें, हातीं लागेल तें पुस्तक उघडावें आणि वाजवावें. कोणीं गुण देऊं नयेत, कोणीं टाळ्या वाजवूं नयेत. एवढ्यानें पुढील काम आपोआप होईल.